वरच्या पट्टीतलं

स्टुलावर चढून ती कपाटाच्या दाराला रजई टांगत होती. दोन चिमटे दातांत, दोन हातात, आणि रजई काही केल्या एका जागी राहायला तयार नव्हती. हे टोक बसवावं तर ते घसरत होतं. केस पुसत पुसत नवरा दारात येऊन उभा राहिला.

“अहो, ती उशी द्या जरा,” चिमटे दातांत तसेच धरून ती म्हणाली.

तो गेला आणि स्वयंपाकघरातून खुर्ची घेऊन आला. स्टुलाशेजारी ती नीट ठेवली, डुगडुगते का ते हलवून पाहिलं आणि काम झाल्यासारखा बाजूला झाला.

तिने तोंडातले चिमटे काढले. “उशी म्हटलं मी. डोक्याखाली घेतात ती.”

“मग तसं म्हण की,” म्हणत त्याने उशी आणून दिली. “थंडी वाजतेय का एवढी?”

“खोलीत आवाज घुमतो. पिंट्या म्हणाला, मऊ काहीतरी लाव भिंतीला, मग घुमायचा नाही.”

“हं,” तो म्हणाला आणि टॉवेल वाळत घालायला निघून गेला.

या ‘हं’शी तिचा जुना घरोबा होता. दुकानातली गंमत सांगावी, शेजारणीचं दुखणं सांगावं, नळाचा वॉशर गेलाय म्हणून सांगावं, सगळ्याला हे एकच उत्तर. माणूस वाईट नव्हता. बाटल्या भरण्याच्या कारखान्यात ऐन उमेदीपासून काम करत आता पाळीचा मुकादम झाला होता, पगार घरात आणून देत होता, तिला ताप आला तर भात टाकत होता. पण बोलणं म्हणाल तर वर्षागणिक आटत चाललं होतं. आधी लेक मधे असायची, दोघांच्या मधला पूल असायची. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घरात ‘हं’ तेवढं उरलं.

लेकीची खोली तशीच होती, त्यात पिंट्याने आपला पसारा आणून टाकला. पिंट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. डोक्यावरचे केस विरळ झाले तरी नाव काही मोठं झालं नाही. कार्यक्रमांमधून की-बोर्ड वाजवून त्याचं पोट चालायचं. त्याने नवीन सामान घेतलं आणि जुनं एका खोक्यात भरून ताईकडे आणलं. एक माईक, त्याचा दांडा, लॅपटॉपला जोडायचा एक छोटा डबा, हेडफोन, दोन बुटके स्पीकर आणि मांडीवर मावेल एवढा की-बोर्ड.

“ताई, ठेव इथे. वापरून बघ. नाहीतर भंगारात जाईल.”

“मला काय येतंय त्यातलं? शाळेत गाण्याच्या तासाला मी मागच्या रांगेत उभी राहून नुसती तोंड हलवायचे.”

“मग आता पुढच्या रांगेत ये,” पिंट्या म्हणाला. लेकीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर घालून, कुठली वायर कुठे ते एकदा दाखवून तो चहा पिऊन गेला.

खोकं काही दिवस तसंच पडून राहिलं. मग एका संध्याकाळी, दुकानातून आल्यावर, नवरा बाहेर गेलेला असताना तिने वायरी जोडल्या, हेडफोन कानाला लावले आणि डब्यावरचं बटण हळूच फिरवलं.

आणि ती जागच्या जागी थबकली. कारण खोली तिच्या कानात आली होती.

पंखा नुसता फिरत नव्हता, दर फेरीला एकदा बारीक कण्हत होता. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक एकसारखी नव्हती. एक टिक जड, एक हलकी. तिने हात हलवला तर बाहीचं कापड वाळल्या पाचोळ्यासारखं कुरकुरलं. कुठेतरी पाण्याचा थेंब पडत होता. कुठला थेंब म्हणून तिने हेडफोन काढले तर सगळं गप्प. पुन्हा घातले, थेंब पुन्हा हजर. उठून शोधत गेली तर तो दोन खोल्या पलीकडचा, न्हाणीघरातला नळ निघाला. इतकी वर्षं ती या घरात राहत होती, झाडत-पुसत होती, आणि घराला एवढं काही बोलायचं असतं याचा तिला पत्ताच नव्हता.

त्या दिवशी तिने काही रेकॉर्ड केलं नाही. अंधार पडेपर्यंत नुसती ऐकत बसली.

पुढचे दिवस मात्र फजितीचे गेले. ती बोलायची आणि तिचा आवाज कानात मागून यायचा, जणू कोणी पाठीमागे बसून तिची नक्कल करतंय. पिंट्याला फोन केला तर तो म्हणाला, सेटिंगमध्ये एक आकडा आहे तो कमी कर. कमी केला तर आवाज फाटू लागला. मग मधला कुठलातरी सापडला. कधी लाल दिवा लागायचा आणि सगळं चिरकायचं; कधी इतकं बारीक यायचं की मुंगी चालल्यासारखं. एकदा तासभर खपून काय काय वाजवलं आणि शेवटी कळलं की रेकॉर्डचं बटण दाबलेलंच नव्हतं. त्या वेळी ती स्वतःशीच पोट धरून हसली. रागवायला समोर कोणी नव्हतंच.

मग एकदा तिने फ्रिजची घरघर पकडली. तिच्यावर छोट्या की-बोर्डचा एकच खालचा सूर लांबवर धरून ठेवला. घरघर मंगळवारी घेतली होती, सूर गुरुवारी. दोन्ही आवाजांच्या पट्ट्या लॅपटॉपच्या पडद्यावर एकीखाली एक लावून तिने वाजवलं, आणि तिच्या अंगावर काटा आला. मंगळवारची संध्याकाळ आणि गुरुवारची संध्याकाळ एकाच वेळी चालू होती. त्या दोघी एकमेकींना भेटलेल्या नसूनही एकमेकींना सांभाळून घेत होत्या. मधे कुठेतरी फ्रिजच्या घरघरीतून, तिने न वाजवलेलाच तिसरा सूर वर आला होता. ती पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. हे कुणाचं? कुणी वाजवलं?

भिंगांचं तिला सुचलं ते दुकानात. ती चष्म्याच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांचे डोळे तपासणं हे तिचं काम. खालच्या खणात काचेची जुनी भिंगं पडून होती, चष्मे खऱ्या काचेचे असायचे त्या काळातली. आता सगळं प्लॅस्टिक. मालकाने खण रिकामा करायला सांगितला तेव्हा एक भिंग दुसऱ्यावर आपटलं, आणि असा काही निमुळता, थंड आवाज आला की तिने आजूबाजूला पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. मालकाला विचारून ती पिशवीभर भिंगं घरी घेऊन आली. दोऱ्याने खिडकीच्या पडद्याच्या दांडीला टांगली, खाली माईक लावला आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने एकेकाला हलकेच स्पर्श केला. मोठ्या घेराची पातळ भिंगं थोडी खाली वाजायची, लहान घेराची जाड भिंगं वर, फार वर, ऐकू येतंय की भास होतोय असं वाटण्याइतकी वर.

त्यातून तिचं पहिलं काहीतरी तयार झालं. गाणं म्हणण्यासारखं ते नव्हतं. आधी फ्रिजची घरघर, तिच्यावर तो खालचा सूर, नळाचा थेंब, मग एकेक भिंग. हळूहळू खालचं सगळं विरत जायचं आणि शेवटी नुसती भिंगं उरायची, पहाटेच्या थंडीत श्वास दिसावा तशी. तो शेवट तिला इतका आवडला होता की ऐकताना ती डोळे मिटून घ्यायची. आपल्या हातून हे झालं यावर तिचा विश्वास बसत नव्हता. आणि हे कुणालातरी ऐकवल्याशिवाय आता राहवतही नव्हतं.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने नवऱ्याला खोलीत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. तो परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. ती पडद्यावरून सरकत जाणारी रेघ बघत राहिली. घरघर आली, त्याने मान डोलावली. सूर आला, थेंब आला. “नळ आपला?” त्याने जोरात विचारलं. ती खूश झाली. मग खालचं सगळं विरलं, भिंगं आली. रेघ शेवटाला पोचली नव्हती तोच त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

“छान आहे,” तो म्हणाला. “नळाचं चांगलं जमलंय. शेवटी मात्र बराच वेळ काहीच नाहीये. तेवढं कापून टाक.”

टेबलावरच्या हेडफोनमधून भिंगांची बारीक किणकिण अजून झिरपत होती. तो उठला, खुर्ची जागेवर सरकवली आणि दुपारची झोप काढायला गेला.

तिने खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली. मग वायर सैल झाली असेल म्हणून तपासली. हेडफोनची दुसरी बाजू गेली असेल म्हणून आलटून पालटून ऐकलं. सगळं ठाकठीक होतं, भिंगं जागच्या जागी वाजत होती. म्हणजे त्याने ऐकलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. तिने लॅपटॉप मिटला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही ती कामापुरतंच बोलली. त्याच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. तोही कामापुरतंच बोलला.

दुकानात एक आजोबा आले. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, समोरचा अक्षरांचा तक्ता लावला आणि एकेक ओळ वाचायला सांगितली. वरच्या ओळी त्यांनी धडाधड वाचल्या. मग अडखळले. मग थांबले.

“खालची ओळ वाचा ना, आजोबा.”

“खाली काही नाहीये,” आजोबा ठामपणे म्हणाले.

“शेवटची ओळ आहे बघा.”

“अगं बाई, पांढरंच आहे तिथे. काही लिहिलेलंच नाही.”

असं गिऱ्हाइकं नेहमीच म्हणायची. मला दिसत नाही असं म्हणणारा विरळा. बहुतेक सगळे म्हणणार, तिथे काही नाही. ती रोजच्या सवयीने पुढचं भिंग चढवायला गेली आणि तिचा हात हवेतच राहिला.

शेवटी बराच वेळ काहीच नाहीये.

“काय झालं?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही,” ती म्हणाली. “आता बघा. आता दिसतं?”

“हां. आता आलं.”

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नवरा पेपर वाचत बसला होता. तिने पर्स ठेवली आणि त्याला खोलीत यायला सांगितलं. आवाज वाढवून सांगावं लागलं. आजवर अशा वेळी तिला वाटायचं, मुद्दाम करतो.

सॉफ्टवेअरमध्ये नुसता एकच सूर काढायची सोय होती, खालपासून वरपर्यंत हवा तसा चढवता येणारा. पिंट्याने ती दाखवली होती, तेव्हा तिला ती बिनकामाची वाटली होती. तिने स्पीकर लावले.

“एक सूर लावते. ऐकू येतोय तोवर बोट वर ठेवायचं. थांबला की खाली घ्यायचं.”

“कशाला?”

“स्पीकर तपासायचेत.”

त्याने डोळे मिटले आणि बोट वर केलं. सूर खालून निघाला, पोटात घुमणारा. मग माणसाच्या आवाजाइतका झाला. मग शिट्टीसारखा. पुढे शिट्टीहून बारीक. तिचा अंगठा अगदी सावकाश सरकत होता. आणि तिच्या कानांत सूर अजून सरळ सुईसारखा उभा असताना त्याचं बोट खाली आलं.

तिने सूर वर चढवत नेला. तो वाजत होता, तिच्या दातांत झिणझिण्या येत होत्या. नवरा डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून शांत बसला होता. एखादं लहान मूल लपंडावात राज्य घेतल्यावर डोळे झाकून वाट बघतं तसा.

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. “लाव की परत,” तो म्हणाला.

सूर चालूच होता.

तिने तो बंद केला. जमेल तितक्या सहज आवाजात त्याला पडदा दाखवला. इथपासून इथपर्यंत आवाज असतात. ही डावीकडची बाजू जाड आवाजांची, ही उजवीकडची बारीक. आणि तुमचं बोट इथे खाली आलं. त्याने पडद्याकडे पाहिलं, उजवीकडच्या भागावर तळवा ठेवला. त्याचा तळवा तेवढ्या जागेला पुरला नाही.

“यात काय काय येतं?” त्याने विचारलं.

तिच्या डोळ्यांपुढे उशीची झालेली खुर्ची आली. तसले कितीतरी शब्द आले. फडकं, सुई, शेंगा, शिळं, फणी. ज्या शब्दांत हवा असते ते सगळे. “थोडंफार येतं,” ती म्हणाली. “पाखरं वगैरे.”

“कंपनीत तपासतात अधूनमधून. थोडं कमी झालंय म्हणाले होते.” त्याने खांदे उडवले. “थोडं सगळ्यांचंच झालंय. बाटल्यांचा खणखणाट केवढा असतो. काही अडत नाही.”

“आमच्या दुकानाशेजारीच कानाचे डॉक्टर बसतात.”

“बघू,” तो म्हणाला. आणि जाता जाता दारात थांबला. “परवा मी जे काप म्हणालो, ते तिथे काही होतं का?”

“होतं.”

तो मान हलवून गेला. त्या दिवशी त्याने पेपर पुन्हा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पिंट्याला फोन लावला. “भिंगं टांगून वाजवलेला आवाज खाली आणता येतो का रे? खूप खाली?”

“येतो. पण ताई, भिंगांचा आवाज खाली आणलास तर त्याची मजाच जाईल. चिखल होईल. चांगलं नाही वाटणार.”

“मला चांगलं नकोय. खाली हवंय.”

पिंट्याने मग काही न विचारता कुठे काय दाबायचं ते सावकाश सांगितलं.

तिने भिंगांची पट्टी निवडली आणि एक सप्तक खाली उतरवली. किणकिण सौम्य झाली, चमच्यांसारखी. नवऱ्याच्या बोटाची जागा तिने पडद्यावर मनाशी पक्की केली होती; त्यातली काही भिंगं अजून त्या जागेच्या पलीकडेच होती. तिने आणखी एक सप्तक उतरवलं, आणि हेडफोन कानांवर दाबून धरले.

आता ती भिंगं राहिलीच नव्हती. डोंगराच्या पोटात टांगलेल्या प्रचंड घंटा कुणीतरी पाण्याखालून हलवत होतं. एकेक ठोका पडायचा, उमलायचा, आणि त्याच्या आतून दुसरा, दुसऱ्याच्या आतून तिसरा सूर निघत राहायचा. पेन्सिलीचा एक साधा स्पर्श, बोटांच्या चिमटीत मावणारं ते काचेचं चकतं, आणि त्याच्या पोटात एवढं मोठं काही चाललेलं होतं. बारीक असताना ते पटकन निसटून जात होतं, एवढंच. आपल्याला सगळं ऐकू येतं असं ती समजत होती. आपल्या कानांसमोरूनही हे असं कितीतरी निघून गेलं असेल, या विचाराने तिला क्षणभर खोलीतल्या साध्या वस्तूंचीसुद्धा जरब वाटली. पाण्याचा पेला, किल्ल्या, बांगड्या. तिने बांगड्या हळूच वर सरकवल्या.

रविवार आला. या वेळी तो बोलावल्याशिवायच खोलीत आला आणि खुर्चीवर बसला.

घरघर आली, थेंब आला, मग खालचं सगळं विरलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, त्याच्याकडे बघत होती. पहिल्या ठोक्याला त्याची मान किंचित वर झाली. दुसऱ्याला त्याने दोन्ही हातांनी हेडफोन धरले, पाण्याने भरलेलं भांडं धरावं तसे. मग तो हललाच नाही. शेवटचा ठोका पूर्ण विझून पडद्यावरची रेघ सपाट झाली तरी तो तसाच होता. नंतर त्याची नजर वर गेली, पडद्याच्या दांडीकडे, जिथे दोऱ्यांना भिंगं लटकत होती.

“ही?” त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

“इतकी मोठी वाजतात?”

तिने माईक जवळ ओढला, तो चालूच होता. असं बोललं म्हणजे त्याला ओरडून सांगावं लागणार नव्हतं. “वाजतात बारीकच. तुमच्यासाठी खाली आणली.”

“पुन्हा लाव.”

तिने पुन्हा लावलं. ते चालू असतानाच तिला वाटलं, घंटा ऐकू येतात तर माझा आवाज नीट करून पाहावा. माईकच्या पट्टीवर एक आडवी रेघ होती. तिचं उजवं टोक उचललं की बारीक भाग मोठा होतो, हे तिला आता कळत होतं. एकूण आवाज तिने कमी केला, कानाला त्रास नको, आणि ते टोक जरा उचललं.

“आता येतंय? की आता?” तिने दुकानातल्या सवयीने विचारलं. टोक आणखी उचललं. “आता? बघा हं, फार झालं तर सांगा.”

त्याने एकदम हात वर केला. “थांब. काय म्हणालीस?”

“फार झालं तर सांगा म्हणाले.”

“ते आलं. त्याच्या नंतर काय होतं?”

“नंतर काहीच नाही.”

“होतं. पुन्हा बोल.”

“फार झालं तर सांगा,” ती म्हणाली.

“हे,” तो म्हणाला. “हे आत्ताचं. तू हसलीस.”

ती गोंधळली. “कुठे हसले? मी बोलले नुसती.”

“बोलून झाल्यावर. जराशी. श्वास सोडल्यासारखी.” त्याने आपल्याच ओठांपुढे हात नेऊन ते कसं होतं ते दाखवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. “आधी हसायचीस अशी. दर वाक्याला. आपलं लग्न ठरलं तेव्हा. मला वाटायचं, ही माझ्यावर हसते की काय.”

“मग?”

“मग बंद झालीस.”

“मी कुठे बंद झाले,” ती म्हणाली. आणि स्वतःच्या बोलण्याच्या शेवटाला तो एवढासा श्वास तिने पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकला. तो तिथे होता. तो इतकी वर्षं तिथेच असणार.

नवरा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. “मला वाटलं, कंटाळली माणसाला,” तो म्हणाला. “पोर लहान होती तेव्हापासून. तोंड करून बोलतेय असंच वाटायचं मला. म्हटलं, आपण कमी बोललेलं बरं.”

तिला पुष्कळ काही म्हणायचं होतं. तिने माईकच्या जाळीवरची नसलेली धूळ पदराने टिपली. पडद्यावर तिच्या आवाजाची पट्टी सपाट पडून होती, आणि तिच्या नुसत्या श्वासाने मधूनच थरथरत होती.

“बोल ना,” तो म्हणाला.

“काय बोलू?”

“काहीही. दुकानातलं सांग.”

मग तिने आजोबांची गोष्ट सांगितली. तक्त्यावर काही लिहिलेलंच नाही म्हणून ते कसे अडून बसले, नवा चष्मा लागल्यावर आरशात पाहून ‘हा म्हातारा कोण’ म्हणून कसे दचकले, आणि जाताना दाराला ‘थँक्यू’ कसं म्हणाले. तो खुर्चीत पुढे झुकून, डोळे मिटून ऐकत होता, आणि जिथे हसायला हवं तिथे बरोबर हसत होता. मधूनच तिच्या वाक्याच्या शेवटाला, तिचं सांगून झाल्यावर, तो पळभर वाट बघत थांबायचा.

“हे मागे काय वाजतंय?” त्याने मधेच विचारलं.

तिने कान दिला. बोलण्याच्या नादात तिच्याही लक्षात आलं नव्हतं. “फोन आहे. स्वयंपाकघरात राहिलाय.”

“आपला?”

“आपलाच. पोरीचा असणार. थांबा, आले घेऊन.”

ती उठली. पण त्याने हाताने तिला खाली बसायची खूण केली. डोळे अजून मिटलेलेच होते.

“करू आपण तिला नंतर,” तो म्हणाला. “वाजू दे जरा.”

ती बसली. मग हात लांब करून, आवाज होणार नाही अशा बेताने, तिने माईकचं तोंड दाराकडे वळवलं.